कोपरापासून

होग्नीच्या घरामध्ये आणि माझ्या घरामध्ये एक दगडी गडगा आहे.
अठरा वर्षं मी त्याला त्या गडग्यावरून
कोपरापासून नमस्कार घातला होता.

कारण विचाराल, तर एक कोकरू.
आमच्या मेंढ्यांच्या कानाला दोन काप आणि एक छिद्र,
ही योआनच्या पणजोबांपासूनची खूण.
होग्नीने त्यावर आपली खूण कापली.
कानावरची खूण पुसता येत नाही,
कान तेवढा लहान होतो.
योआन निवाड्यात हरला
आणि शेवटी गेला तोही
खिडकीकडे पाठ करून,
कारण खिडकीतून होग्नीचं धुराडं दिसायचं.

आता बेटावर आम्ही अकरा जण.
बोट समुद्राच्या मर्जीने येते.
नर्स मारिन फोनवर म्हणाली,
त्याला साखरेचा आजार आहे, पावलांत जाणीव उरलेली नाही,
नखं मांसात शिरतील, कुणीतरी कापायला हवीत.
अकरा जणांच्या गावात
‘कुणीतरी’ या शब्दाला फार जागा नसते.

त्या रविवारी बोट नव्हती म्हणून पाळक नव्हते.
दीपगृहावरच्या डानियेलने अडखळत वाचलं,
शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी.
शेजारी जरा लांबचा असता तर केलीही असती.
परदेशातल्या अनाथ मुलांसाठी मी
दर वर्षी बारा जोड मोजे विणते,
आणि मनापासून विणते.
त्यांच्यातल्या कुणी माझ्या कोकराचा कान कापलेला नाही.

गुरुवारी घमेलं घेऊन गेले.
त्याने दार उघडलं आणि माझ्याऐवजी
घमेल्याकडे बघून म्हणाला, ये.
मी किटलीतलं पाणी ओतलं.
त्याने पाय आत सोडले, चेहरा जसाच्या तसा.
मी खाली बसले, आणि मला कळलं
पाणी फार कढत आहे.
आणि मला कळलं, त्याला कळलेलं नाही.

मी तीनपर्यंत मोजलं.

मग गार पाणी घातलं, घाईने, अर्धं जमिनीवर सांडत.
घोटे लाल झाले होते, फोड आला नाही.
त्या तीन आकड्यांचं मी कुणालाच बोलले नाही.
रात्रीच्या प्रार्थनेत क्षमेच्या ओळीशी आले
की मला हमखास खोकला येई.

पुढच्या गुरुवारपासून मी बाही वर सारून
आधी कोपर पाण्यात बुडवू लागले,
तान्ह्या लेकरासाठी बुडवतात तसं.
माया वगैरे काही नव्हती.
नखं पिवळी, शिंगासारखी. वास यायचा.
मी श्वास रोखून धरायची आणि मनात
ठरलेल्या शिव्या ठरलेल्या क्रमाने देऊन घ्यायची.
पण बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरत नव्हते.
हाताला शिव्या ऐकू येत नाहीत, हे बरं.

दहाव्या की अकराव्या गुरुवारी
बाहेर वारा छपराची गवती कड उपटत होता.
मी कानस फिरवत होते, अंगठ्यावर.
होग्नी म्हणाला, “रान्वा,
पहिल्या दिवशी पाणी कढत होतं.”
माझा हात थांबला.
“तुला तर कळत नाही.”
“पायांना कळत नाही,” तो म्हणाला,
“वाफ दिसते ना.”

तरी सोडलेस पाय?
हे मी विचारलं नाही.
कान, कोकरू, योआन,
यातलं काही तोही बोलला नाही.
दुसरं पाऊल त्याने आपणहून पुढे केलं,
जड, पांढरं, आंधळं,
आणि ते माझ्या मांडीवर येऊन राहिलं.

मी ते पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं असेन.

नखांचे तुकडे कागदात गोळा करून चुलीत टाकले.
नखभर क्षमा, म्हणावं तर तेवढीच.
वास मात्र घरभर सुटला,
दोघांनाही खोकला आला,
आणि खोकता खोकता खिडकी उघडायला मी उठले
तर समोर माझंच धुराडं.
धूर नव्हता.
निघताना चूल मालवून आले होते.

“विस्तव घेऊन जा,” होग्नी म्हणाला,
“घर गार पडलं असेल.”

त्याच घमेल्यात निखारे घेऊन
मी गडग्याच्या कडेकडेने घरी आले.
कात्रीला धार लावायला हवी, पुढच्या गुरुवारच्या आत.