मुदत

विश्रामबागच्या शाखेत साहेबांनी विचारलं,
हप्ता कमी करू, की मुदत?
वैजयंता म्हणाली, मुदत.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कुपवाडच्या फौंड्रीचा बोनस, भिशीचे अठरा हजार,
सगळं काउंटरपलीकडे गेलं.
पावती ठेवायला तिनं वही उघडली:
गॅस, दूध, शिकवणी,
आणि एक रकाना नुसता ‘नको’.
त्यात माझे बूट, गॅलरीची जाळी,
त्याखाली, बारीक अक्षरात, ‘दाढ, सहा हजार’.
दुखते, हे मला तिथं कळलं.

बाहेर शंभरफुटी रस्त्यावर
भडंगाची पुडी सोडत ती म्हणाली,
फिटेल तेव्हा श्रेणिक पंचविसाचा नाही,
तेविसाचा असेल.

आणि दाढ?

ती डाव्या बाजूनं चावत राहिली.
मग म्हणाली,
तिचीपण मुदतच कमी होतेय.