नव्याण्णव टक्के

क्लायपेदाच्या बंदरात क्रेन चालवणाऱ्या रिमांतासला
साठ मीटरवरून सगळं दिसतं:
जहाजांची पोटं, कस्टमवाल्याचं टक्कल,
पलीकडच्या वाळूवरचे पाइन.
मुलीचं पान तेवढं दिसत नाही.
तिथे एक छोटं राखाडी कुलूप.

मार्चपासून.

काल रात्री त्याला खिडकी सापडली.
‘कुणाचंही बंद खातं उघडून दाखवू. फुकट.’
खिडकीने नाव विचारलं मुलीचं. औस्तेया.
मग त्याचं.
मग पासवर्ड, आपण माणूसच आहात ना म्हणून.
त्याने दिला. तिचीच जन्मतारीख.
हिरवी पट्टी सरकत सरकत
नव्याण्णव टक्क्यांवर अडली.
चहा गार झाला.

सकाळी त्याच्या नावाने कुणीतरी बोलत होतं
भावाच्या विधवेशी, जुन्या फोरमनशी, दातांच्या डॉक्टरशी:
अडचणीत आहे, दोनशे युरो पाठव.
औस्तेयाशीही. वर ‘सोनुली’ लिहून.

तिने लगेच ओळखलं.
बाबा इतकं गोड कधीच लिहीत नाहीत.

फोन आला तेव्हा तो वर, केबिनमध्ये,
कंटेनर हवेत लोंबकळत.
“पासवर्ड बदला,” ती म्हणाली,
आणि ठेवण्याआधी जरा थांबली.

वारा होता.
त्याने कंटेनर उतरवला, अलगद,
आत काय आहे ते न विचारता.