गाढवाचा गुडघा

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात
चपला काढून उभी राहते श्रावस्ती वाघमारे, आठवी ब.
काखेत बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा,
पंधरा किलोचा, आडवा उसवलेला.
बाहेरच्या बाजूला हिरव्या द्राक्षांचा घड छापलेला,
आतली बाजू तिची.

आई सावळजला बेदाणा निवडते,
हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काडी वेगळी,
आणि शनिवारी फाटकी खोकी मागून आणते.
मालक म्हणतो, जाळायला का?
आई हो म्हणते. सोपं पडतं.

"सर, गाढवाचा मागचा गुडघा उलटा का असतोय?"

तेवीस वर्षं चित्रकला शिकवतोय मी तासगावात.
माठ, माठाशेजारी दोन कांदे, मागं पडद्याच्या चुण्या.
डोंगरामागचे अर्धे सूर्य शेकड्यानं पुसायला लावलेत.
गाढवाचा गुडघा कुणी काढला नव्हता अजून.
म्हटलं, अगं, परीक्षेला गाढव येत नाही.

आलंही नाही.
एलिमेंटरीला स्मरणचित्राचा विषय आला आठवडी बाजार.
सगळ्यांनी छत्र्या काढल्या, तराजू, टोपल्या,
पुढं तीन माणसं मोठी, मागं पाच बारकी,
मीच घोटून घेतलेलं गणित.
हिनं दोन तास एक शेळी काढली.
शेळीही पुरती नाही. एक कान,
हिसका देताना ताणलेली मान
आणि दावं धरणारी मूठ, नखांसकट.
बाकी कागद कोरा.
घंटा झाली तेव्हा पर्यवेक्षकांना म्हणाली,
आत्ता कुठं जमाय लागलंतं.

निकाल लागला. सी सुद्धा नाही.
मला वाटलं, आठ दिवस तोंड दाखवायची नाही.
दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन दारात.
निकाल जणू शेजारच्या गल्लीतल्या
कुणाचा तरी होता.
"सर, ते गाढवाचं राहिलंय."

मग काय करता. रविवारी सायकल काढली,
येरळेकाठच्या वीटभट्टीवर गेलो.
ती आधीच येऊन बसलेली.
"कागद आणलाय न्हवं, सर?"
नव्हता आणला.
तिनं पुठ्ठा मधोमध फाडला,
द्राक्षं खाली करून अर्धा मला दिला,
आणि भट्टीतला कोळसा, जरा ऊनच.

इराप्पा विटा उतरवत होता. ऐकून हसला.
एका गाढवाचा मागचा पाय उचलून
डॉक्टरसारखा हातावर घेतला.
"ह्यो गुडघा न्हवं, बाळ. गुडघा वर, पोटाला चिकटून हाय.
तू म्हणतीस ती टाच.
गाढाव जलमभर चवड्यावरच चालतंय."

मला हे माहीत नव्हतं. मी मान हलवली, माहीत असल्यासारखी.

श्रावस्तीनं चपला भिरकावल्या,
टाचा उचलून वाळूत चालून बघितलं,
दहा पावलं तिकडं, दहा इकडं,
पाठीवर विटा असल्यागत वाकून,
मग पळत आली आणि सुटली.
जीभ ओठाबाहेर, पुसणं सगळं कोपरानं,
कोळसा मोडला की हाताला येईल तो तुकडा.

माझ्या अर्ध्या पुठ्ठ्यावर
अकरापर्यंत काहीच नव्हतं.
नंतर एक पाय आला. वाकडा, पण उभा राहिला.
पुठ्ठ्यावरनं नजर काढली तर
इराप्पा भाकरी सोडून बसलेला,
आणि गाढवं केव्हाच पलीकडं बाभळीखाली.

घरी बायको म्हणाली, हात कशानं भरलेत?
म्हटलं, गाढव.
तिला वाटलं, शाळेतलं कुणीतरी.

सोमवारी डबा उघडला होता, पहिला घास हातात,
दारात चपला काढल्याचा आवाज.
"सर, वाईच बाहेर येताय?
माणसाची सावली पायापासनं सुरू होतीया
का थोडी आधीच?"

मी डबा झाकला.
बाहेर उन्हात गेलो,
पायाकडं बघत.