थकलेल्या शिलाईची गाडी

बँडवाल्या आवळ्यांनी
बावीस डगल्यांची शिलाई थकवली,
सोनेरी झालर, दुहेरी कॉलर,
आणि तिसऱ्या वर्षी म्हणाले,
बाई, पैसे न्हाईत, फियाट घेऊन जावा.

फियाट म्हणजे त्यांच्या चिंचेखालची,
जिच्या बॉनेटवर पोरं अभ्यासाला बसायची.
चाकांत भरलेली हवा जेमतेम मंगळवार पेठेपर्यंत टिकली.
ढकलणारे सहा जण,
सातवी मी, स्टिअरिंगला,
गळ्यात टेप तसाच.

एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर निघालं:
कापूस, सुतळी, कुरतडलेली लग्नपत्रिका.
"आमच्या येथे श्रीकृपेक" इथवर वाचता आलं.
पुढचं पिलांखाली गेलं असावं.

इंजिन जाम.
प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल,
रोज रात्री दुकान बंद केल्यावर चमचा-चमचा,
बाळाला घुटी द्यावी तसं.
सतराव्या दिवशी पंख्याचं पातं
बोटभर सरकलं.
कुणाला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी तीन ब्लाउज न आखता कापले.

मला यंत्र कळतं ते सुईपुरतं.
सुई खाली, हुक फिरला, दोरा उचलला,
केसभर उशीर झाला की टाका सुटला.
हेही तसंच असणार, असं धरून चालले.
व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले,
दोन्ही तळव्यांत काठी घुसळत,
कडेची राखाडी रेघ सलग दिसेपर्यंत.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
रज्जाकभाई शिकलगारांनी तरी हेड प्लेन करून दिलं,
वर नख फिरवून विचारलं,
"वैनी, गॅस्केटला काजबटणं करणार काय आता?"
बसत असेल तर करीन, म्हटलं.

पॉइंटमधलं अंतर
दाढीची चार पाती एकावर एक ठेवून मोजलं.
अकरा वर्षं आरशामागं होतं ते पाकीट,
न फोडलेलं.

मग एका रविवारी
बॅटरी देसायांच्या रिक्षाची, तासाभरापुरती,
खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली,
तिच्यातून पेट्रोल, थेंब-थेंब.
हँडल मारलं. दहादा. वीसदा.
कार्बोरेटर फुत्कारला
आणि माझी डावी भुवई गेली.

टॉर्च धरून शिकलगारांची मुमताज,
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.
"काकी, वायरी तुम्ही ओळीनं लावल्यात की.
इंजिन असं मोजत नाही.
एक, तीन, चार, दोन."

जन्मभर काजं केली ती वरून खाली.
मुकाट्यानं वायरी बदलल्या.
"आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा,
उलटं फिरलं तर मनगट जाईल."

तिसऱ्या हिसड्याला
एक शिंक,
मग सायलेन्सरमधून गंज, चिंचेचा पाला
आणि एक निळी गोटी,
जी टणाटण उडत गटारात गेली.
समोरच्या पोवारांचं दूध उतू गेलं,
त्या गॅलरीतच उभ्या.
मुमताज काहीतरी ओरडत होती, ऐकू येईना.
मी टॅपेटच्या झाकणावर हात ठेवला.
चौघं आत आपापल्या पाळीनं येत होते,
कुणी कुणाच्या पुढं घुसत नव्हतं.

चाळीस सेकंद, फार तर.
बाटली संपली.
पत्रा गरम होता, म्हणून हात
काढला नाही.

सकाळी आवळे आले.
"वाजली म्हणं गाडी?"
वाजली.
"मग लग्नसराईला, म्हणजे वरातीपुरती..."
मी मापांची वही काढली,
त्यांच्या बावीस डगल्यांपुढचं 'बाकी' खोडलं
आणि सांगितलं,
ब्रेक अजून व्हायचेत.