पायाचे पैसे

लेव्हन नदीकाठी आम्ही दोघे भाऊ
कापड तांबडं रंगवायचो.
कोपरापर्यंत लाल हात, रविवारी चर्चमध्येसुद्धा.

एका रात्री लँकेशायरचा माणूस आला,
आईच्या पिठाच्या डब्यात
सोन्याची दोन नाणी ठेवून गेला.
पहाटे ड्यूगल्डचं अंथरूण गार.

तिकडे कागदोपत्री तो विणकर.
मागाला कधी हात लावला नाही;
शनिवारी तेवढा धागा ओवायचा,
याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पलीकडे,
आणि मान खाली घालून धावणारे ते इंग्रज
चेंडू शोधत राहायचे.

इथे पेपरात नाव छापून आलं:
पैसे घेऊन खेळणारे.
वडिलांनी पेपर चुलीत घातला.
नाणी नाही घातली.

एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला.
क्लबने तिकीट काढून दिलं, तिसऱ्या वर्गाचं.

आता कारखान्याच्या फाटकावर बसतो,
मैदानाकडे पाठ करून.
नुसता ओरडा ऐकून पुटपुटतो,
“उशीर केलास. आधीच द्यायचा.”

काल जेवताना टेबलावरून बटाटा घरंगळला.
जमिनीला लागायच्या आत
त्याने चांगला पाय पुढे केला,
आणि न बघताच
माझ्याकडे दिला.