पूल

फिजिओबाईनं कागदावर काडीची बाई काढली,
गुडघे दुमडून, कंबर वर उचललेली.
"नरसव्वा, याला पूल म्हणायचं.
दहा मोजेपर्यंत धरायचा."

बत्तीस वर्षं मांडीवर सूप.
पान, चिमूटभर तंबाखू, दोरा,
परत पान.
हजार झाल्याबिगर मान वर नाही.
कारखान्यात वाकड्या विड्यांची छाट काढतात,
तशी एके दिवशी माझीच निघाली.
वाकले ती सरळच होईना.

आता पहाटे, घरकुलात नळ यायच्या आधी,
सोलापूरची फरशी गार असते तेवढ्यात
मोराची चादर अंथरते.
मालकांनी स्वतःच्या मागावर काढलेली;
मोर गेला, पिसारा तेवढा राहिलाय.
आधी गुडघे छातीशी. मग मांजर.
मग पूल.

पहिल्या आठवड्यात चार बोटं उठला.
म्हटलं, याखालून मुंगीपण वाकून जाईल.

मोजते मात्र तेलुगूत.
मराठी आकडे कारखान्यातले, त्यांना फार घाई.
वकटी, रेंडू, मूडू
आईनं शिकवले, ते दमानं येतात.

आज नातू अर्धवट झोपेत उठला
आणि प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर
माझ्या कमरेखालून ढकलला.
निघाला की पलीकडनं!

"अव्वा, थांब. ट्रॉली राहिली."

मांड्या थरथरतात.
एनिमिदी… तोम्मिदी…
दुखतंय का? दुखतंयच.
दहाच्या पुढचं फिजिओबाईनं सांगितलेलं नाही.

ट्रॉली अजून उशीजवळ आहे.