फुटामागं एक सूत

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
माडीवर एक काचेची खोली आहे.
तिथं बसून मी पंपाच्या एका कवचाची किंमत काढते.
वजन चौदा किलो दोनशे, गिऱ्हाईक पुण्याचं,
माल अजून ओतलेला नाही.

आधी नावं धुवून घ्यावी लागतात.
भंगारवाला एकच, खानापूर रस्त्यावरचा,
पण गाव लिहिलंय बेळगाव, बेळगांव, बेळगावी
आणि जुन्या बिलांवर बेलगाम.
पडद्यावर चार ठिपके, चार शहरं,
चौघांचा लोखंडाचा दर वेगळा.
इतकी वर्षं जे कुणाला जमलं नाही
ते मी एका क्लिकवर उरकलं : चारींचं एक.
ईरण्णा स्टोअरमधून ओरडला,
"कुठल्या स्पेलिंगात, मॅडम?"
मी सांगितलं नाही.

मग टप्पे.
नमुन्याचे पन्नास नग :
लाकडी साच्याचे चौऱ्याऐंशी हजार त्या पन्नासांच्याच डोक्यावर,
नगामागं सोळाशे ऐंशी.
पाचशे केले की एकशे अडुसष्ट.
बारा हजारांवर गेलं की सात रुपये.
सात रुपयांत आमच्या गेटवर कटिंगही येत नाही.

त्यानंतर खालची पट्टी सरकवायची.
रिजेक्शन अकरा टक्के, नऊ, सहा,
आलेखाची रेघ उतरत जाते
तिसऱ्या गेटच्या पुलावरून
पायडल न मारता सायकल उतरावी तशी.
वीज वाढली तर.
कोक महागला तर.
पुणेकरांनी मार्चात हात वर केले तर.
प्रत्येक 'तर'ला मी एक रंग दिलाय.
साहेबांना हिरवा आवडतो.

हिरव्यात, एप्रिलपासून,
साचा ॲल्युमिनियमचा, शिरोलीहून तयार येतो
आणि 'पॅटर्न शॉप, पगार' या ओळीत
शून्य.
त्या ओळीत माणूस एकच. मोनाप्पा सुतार.

तोच काल वर आला,
चपला दाराबाहेर काढून,
शर्टाच्या बाहीला सागवानाचा भुसा.
"काय करूलालीस गे?"
मी त्याला पट्टी सरकवून दाखवली,
रेघ खाली, रेघ वर.
हिरवा तेवढा बंद करून ठेवला होता.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग खिशातून त्याची स्वतःची पट्टी काढली,
पितळेची, कडा झिजलेल्या,
आणि माझ्या स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली.
एक इंच जुळला. दोन, जवळपास.
बारावा जुळेना.

"लोखंड निवताना अंग चोरतंय," म्हणाला,
"म्हणून साचा मोठा करायचा. फुटामागं एक सूत.
हे सूत ड्रॉइंगमध्ये नसतंय, पट्टीतच असतंय."
आणि पडद्याकडं बोट करून,
"ह्यात कुठं धरलाईस?"
मी म्हटलं, आकस्मिक खर्च, तीन टक्के.
"तीन?" तो हसला. "लई झालं की वो.
एकातच भागतंय."
चहा नको म्हणाला.
जिना उतरताना त्याचा हात
कठड्याच्या लाकडावरून सांधा चाचपत गेला.

पाचला फाइल पाठवायची होती. पाठवली.
हिरव्यात शून्य आहेच,
ते पुसायची माझी प्राज्ञा नाही.
एप्रिलचं तेवढं ऑगस्टला नेलंय.
कारणाच्या रकान्यात लिहिलं :
निवायला वेळ लागतो.
साहेबांना वाटेल, भट्टीविषयी आहे.

त्याची पट्टी टेबलावर राहिली.
खाली पाळी बदलली, भोंगा झाला,
गरम वाळूचा वास जिन्यानं वर आला.
सहज पडदा मोजून पाहिला,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
चोवीस इंची म्हणून घेतलेला.
तिच्यानं मोजला तर
थोडा कमी भरला.